दोन सूर्यांची धूळ

तो गोळा चिंचोक्याएवढा झाला त्या दिवशी फलटण रस्त्यावरच्या माळावरची अख्खी प्रयोगशाळा पेढे खात होती आणि निरंजन पोतदार एकटाच तोंड वाकडं करून बसला होता. पेढा त्याच्याही हातात होता. पण गोळा जसजसा वाढत होता, तसतसं त्याच्या बायकोचं घरी येणं लांबत होतं. अशा गोष्टीचा पेढा घशाखाली उतरायला माणूस संत तरी असावा लागतो नाहीतर बधिर तरी. निरंजन दोन्ही नव्हता. तो यंत्रकार होता, आणि त्याला बायकोची आठवण येत होती.

त्याची बायको, डॉ. गौतमी भोईटे, चारशे किलोमीटर वर अंतराळस्थानकात होती. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन गेलेली बाई गणपतीला परत यायची होती. गणपती आले आणि गेले. दिवाळी गेली. आता दुसरी संक्रांतही उलटली होती, आणि घरात दोन पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले होते. एक निरंजन आणि दुसरे गौतमीचे वडील, आप्पा. आप्पा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. बायको वारल्यावर मोठ्या मिनतवारीनं लेकीकडे राहायला आले आणि वर्षभरात लेकच वर निघून गेली. सासरा आणि जावई एका छपराखाली आणि मधे लेक नाही, असा संसार आमच्या मुलखात फारसा कोणी पाहिला नसेल. पण चालला होता. आप्पा भाकरी थापत, निरंजन भांडी घाशी, आणि रविवारी दुपारी गौतमीचा फोन येई तेव्हा दोघंही दाढी करून पडद्यासमोर बसत.

आता तो गोळा काय होता, ते सांगायला हवं. कारण या घरातलं सगळं दुखणं त्या गोळ्यापाशी येऊन थांबत होतं.

आपला सूर्य एकटा आहे, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे तारे एकटेच असतात. तसं नाही. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे जोडीनं राहतात, एकमेकांभोवती फिरत. तारा जन्मला की त्याच्याभोवती उरलेल्या वायूची आणि धुळीची एक भलीमोठी चकती फिरत राहते. तिच्यातला कण कणाला चिकटतो, कणांचा खडा होतो, खड्यांचे डोंगर होतात, आणि अशा डोंगरांच्या बेरजेतून पृथ्वीसारखा ग्रह तयार होतो. तारा एकटा असेल तर हे जमून जातं, कारण सगळी धूळ एका दिशेनं, एका चालीनं फिरत असते. जत्रेत सगळे एकाच बाजूला चालले असतील तर खांद्याला खांदा लागला तरी कोणी पडत नाही, तसं.

पण शेजारी दुसरा तारा असला की तो सारखा ओढत राहतो. वाटा वाकड्या होतात, एकमेकींना छेदतात. मग कण कणाला भेटतो तो टक्कर घेऊनच, आणि चिकटण्याऐवजी फुटतो. हिशेबानं पाहिलं तर जोडताऱ्यांजवळ ग्रह व्हायलाच नकोत. आणि तरी आहेत. दोन-दोन सूर्य उगवणारे ग्रह दुर्बिणींना या शतकाच्या सुरुवातीपासून सापडत होते, आणि आता शतकानं चाळिशी ओलांडली तरी ते झाले कसे, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. बहुतेकांचं म्हणणं, हे ग्रह लांब, जिथं ओढाताण कमी तिथं जन्मले आणि मग सरकत आत आले. गौतमीचं म्हणणं होतं की काही तरी तिथंच, त्या रेटारेटीतच जन्मले असले पाहिजेत. कसे, ते तिला सांगता येत नव्हतं. म्हणून तर ती वर गेली होती.

प्रयोगाचं कागदोपत्री नाव भलंमोठं होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला बरणी म्हणत. जाड काचेचं भांडं, आत विरळ वायू आणि काळ्या दगडाची पिठासारखी धूळ. जमिनीवर धूळ खाली बसते, वर ती तरंगते आणि महिनोन्‌महिने तरंगत राहते. बरणीत सूर्य नव्हते. पण दोन सूर्यांच्या ओढाताणीत धुळीला जे हिसके बसतात, तेवढ्याच जोराचे हिसके बरणीच्या भिंतीतून दिले जात. अशा तीन बरण्या वर गेल्या. पहिल्या दोघींत अपेक्षेप्रमाणे धूळ आपटत राहिली, फुटत राहिली. तिसरीत मात्र पावसाळ्याच्या सुमाराला एक मोहरीएवढा गोळा दिसला आणि तो फुटेना. मोहरीचा वाटाणा झाला, वाटाण्याचा चिंचोका. तिसऱ्या बरणीतली धूळ जराशी बारीक दळली गेली असावी, असा सगळ्यांनी अंदाज बांधला आणि पेढे वाटले.

आणि आता प्रयोगशाळेच्या प्रमुख शिरगावकर मॅडम म्हणत होत्या की गौतमीनं आणखी एक वर्ष वर राहावं.

*

त्या रविवारी फोन आला तेव्हा गौतमी खुशीत होती. केस चहूबाजूंना पसरलेले, गाल जरा सुजलेले. वर गेलेल्या माणसाचा चेहरा असा गुबगुबीत दिसतो. आप्पांना ते अजून पटत नसे.

"खायाला घालत्यात वाटतं चांगलं," आप्पा म्हणाले. "परतीची गाडी कवा?"

"पाडव्याला एक यान निघतंय, आप्पा. पण मी त्यात असेन का ते अजून ठरायचंय."

खुर्ची मागं सारून आप्पा स्वयंपाकघरात गेले आणि तिथून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

"रागावले," गौतमी म्हणाली.

"रागावले नाहीत. त्यांना तुझी आठवण येते," निरंजन म्हणाला. "मलाही येते."

"मला येत नाही का रे?" ती म्हणाली. मग घाईघाईनं, विषय बदलायला म्हणून, "थांब, तुला एक गंमत दाखवते. काल काचेवर बसलेली धूळ सोडवायला अतिनील दिवा लावला, तर बघ काय दिसलं."

तिनं कॅमेरा बरणीकडे वळवला, खोलीतला उजेड घालवला आणि दिवा लावला. काळोखात तो चिंचोका उजळला. मंद, पिवळसर हिरवा.

"दगड असा उजळत नाही, निरू. एखादं खनिज असणार. मॅडमना अजून सांगितलं नाही, पहिल्यांदा तुला दाखवतेय. सुंदर आहे ना?"

"सुंदर आहे," निरंजन म्हणाला.

तो रंग त्यानं आयुष्यभर पाहिला होता. हत्यारांवर धूळ राहिली का ते बघायला त्याच्याजवळ अतिनील किरणांची लहान बॅटरी असे, आणि तिचा उजेड चुकून स्वतःच्या बाहीवर पडला की जेवणाचे डाग असेच पिवळेहिरवे पेटत. ती हळद होती.

*

चोराच्या मनात चांदणं. निरंजनला सगळं आठवायला एक क्षणसुद्धा लागला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. गिरणी असो, गॅरेज असो की अंतराळाची प्रयोगशाळा, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर त्या दिवशी देव असतात. प्रयोगशाळेनं त्यावर तोडगा काढला होता: पूजेला जुनी, बाद झालेली हत्यारं ठेवायची, निर्जंतुक खोलीत जाणाऱ्या वस्तूंना हळदकुंकवाचं बोटही लागू द्यायचं नाही. नियम निरंजननंच लिहिला होता. आणि तो त्यानंच मोडला होता. पहिल्या दोन बरण्या भरून झाल्या होत्या, तिसरी दसऱ्यानंतर भरायची होती. ती ज्या पोलादी नरसाळ्यातून भरायची ते त्यानं स्वतः लेथवर कातलं होतं. पूजा आटोपून सगळे जेवायला गेले, तेव्हा त्यानं ते नरसाळं कपाटातून काढून पाटावर ठेवलं, ओली हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले. देवावर त्याचा फारसा विश्वास होता असं नाही. बायको वर जाणार होती, आणि तिच्या हाती पडणाऱ्या वस्तूला कोणाचा तरी आशीर्वाद असावा असं त्याला वाटलं, इतकंच. माणूस प्रेमात असला की असली कामं करतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं नरसाळं स्पिरिटनं चकचकीत पुसलं होतं. घोळ तिथं झाला. हळद पाण्याला दाद देत नाही पण स्पिरिटमध्ये विरघळते. पुसल्यानं ती गेली नाही, पातळ होऊन पसरली आणि नरसाळ्याच्या अरुंद मानेत, जिथं बॅटरीचा उजेड पोचत नाही तिथं, जाऊन बसली. तिसऱ्या बरणीची सगळी धूळ त्या मानेतून गेली होती.

सोमवारी त्यानं खात्री करून घेतली. प्रयोगशाळेत एक उंच नळकांडं होतं. त्यातून सोडलेली डबी खाली येईपर्यंतचे दोनेक क्षण आतली धूळ वजन नसल्यासारखी वागे. उरलेली धूळ त्यानं दोन डब्यांत भरली, एकीत तशीच आणि दुसरीत हळदीच्या स्पिरिटचा हात फिरवून. साधी धूळ फुटली. हळदीची चिकटली. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा चिकटली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत होती, फक्त मारुती बघून लोक पेढे वाटत होते.

आता सांगायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. प्रयोग बाटला होता, आणि येत्या पंधरवड्यात मॅडम पत्रकारांना बोलावून जगाला तो सांगणार होत्या. खरं सांगायलाच हवं होतं.

पण खरं सांगितलं की गोळ्याची किंमत शून्य होणार होती, आणि गोळ्याची किंमत शून्य झाली की गौतमीला वर राहायचं कारणच उरत नव्हतं. ती पाडव्याला घरी येणार होती. वर्षभर ज्याची आस लावली, ते आपल्या एका वाक्यात आहे, हे कळल्यावर निरंजनचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. मी हे सांगतोय ते खरं आहे म्हणून, की मला ती हवी आहे म्हणून? त्यानं बराच वेळ हातातल्या डबीकडे बघितलं. खरं बोलायची इतकी घाई त्याला यापूर्वी कधी झाली नव्हती, आणि तीच त्याला संशयास्पद वाटत होती.

संध्याकाळी आप्पा ओट्यापाशी पीठ मळत होते. निरंजननं आडून आडून विचारलं, "आप्पा, खरं सांगितल्यानं सांगणाऱ्याचाच फायदा होणार असेल, तर ते सांगावं का?"

"मग तर लगीच सांगावं, जावईबापू," आप्पा म्हणाले. "तोट्याचं खरं कोण सांगतंय व्हय? मी बत्तीस वरसं तिकिटं फाडली, एक गडी बोलला न्हाई की मी दोन टप्पं जास्त आलोय म्हणून."

निरंजन हसला. पण आप्पा हसत नव्हते. पिठाचे हात तसेच ठेवून ते त्याच्याकडे बघत होते.

"फायदा म्हंजी, गौतमी येतीया का?"

"येईल बहुतेक," निरंजन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी तिच्या खोलीतली गादी उचलून गच्चीत उन्हाला टाकली.

*

पुढच्या रविवारी त्यानं आप्पांना मुद्दाम बाजारात पाठवलं आणि गौतमीला सगळं सांगितलं. नरसाळं, हळद, स्पिरिट, डब्या. मधे न थांबता सांगितलं, कारण थांबला असता तर पुढं बोलता आलं नसतं.

गौतमी ऐकत राहिली. तिच्या मागं एक पेन हळूहळू फिरत तरंगत होतं, ते तिनं हात मागं नेऊन पकडलं आणि मुठीत घट्ट धरून ठेवलं.

"म्हणजे मी इतके महिने तुझ्या हळदीकडं बघत बसले होते."

"हो."

"नरसाळं पूजेत ठेवायला तुला सांगितलं कोणी होतं?"

"कोणी नाही. तू जाणार होतीस म्हणून ठेवलं."

"निरंजन," ती म्हणाली. रागावली की ती पूर्ण नाव घेई. "खरं सांग. मी परत यावं म्हणून हे सांगतोयस?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. उत्तर त्यानं आठवडाभर शोधलं होतं.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "हे खरं आहे एवढं नक्की. पण तू येणार नसतीस, तर एवढ्या चटकन सांगितलं असतं का, ते मला खरंच कळत नाही."

तिनं फोन ठेवला. त्या दोघांच्या संसारात असा न बोलता ठेवलेला हा पहिला फोन होता.

सोमवारी त्यानं शिरगावकर मॅडमना सांगितलं. मॅडमनी त्याच्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पत्रकार परिषद रद्द करायला सांगितली आणि म्हणाल्या, "पोतदार, तुम्ही सांगितलंत म्हणून मी तुम्हाला कामावरून काढत नाही. पण उद्यापासून माझ्यासमोर जरा कमी या." मग जाता जाता, "गौतमी पाडव्याच्या यानानं येईल. आता तिथं करण्यासारखं काही नाही."

निरंजन बाहेर आला. माळावर ऊन पडलं होतं, वारा सुटला होता, आणि त्याला इतका आनंद झाला होता की त्याची त्यालाच लाज वाटली. बायकोच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मातीत घालून हा माणूस शीळ घालत घरी निघाला होता.

घरी आप्पांनी चिवडा करायला घेतला होता. "अजून महिना आहे आप्पा, मऊ पडेल," निरंजन म्हणाला.

"मऊ पडला तर दुसरा करू," आप्पा म्हणाले.

*

गौतमीचा फोन आला तो गुरुवारी, सकाळीच, प्रयोगशाळेत. तिचा वार नव्हता. निरंजनला वाटलं, भांडायला केलाय. पण पडद्यावरचा चेहरा भांडणाचा नव्हता. झोप न झालेला, डोळे चमकणारा चेहरा होता तो, आणि तो चेहरा निरंजनला चांगला ओळखू येत होता. याच चेहऱ्याच्या प्रेमात तो पडला होता.

"निरू, हळद म्हणजे काय?"

"हळद म्हणजे हळद."

"कार्बनची चिकट संयुगं. बरोबर? आता सांग, उल्केत काय सापडतं? धूमकेतूत काय सापडतं?"

असे प्रश्न ती उत्तरासाठी विचारत नसे.

"डांबरासारखा कार्बन! खऱ्या ताऱ्याभोवतीची धूळ नुसता दगड नसते रे. तिच्यावर असल्या चिकट गोष्टींचा लेप असतो. आणि आपण काय केलं? धूळ शुद्ध हवी म्हणून धुतली, भाजली, पुन्हा धुतली. सगळा लेप घालवला आणि मग विचारत बसलो की ही चिकटत का नाही! तुझ्या नरसाळ्यानं तो लेप परत लावला. चुकीचा लावला, हळदीचा लावला, पण लावला."

ती हातवारे करत होती आणि प्रत्येक हातवाऱ्याबरोबर थोडी मागं तरंगत जात होती, पुन्हा पुढं येत होती.

"आता ऐक. ताऱ्याच्या फार जवळ तो लेप जळून जातो. फार लांब तो गोठून काचेसारखा टणक होतो. मधे एक पट्टा असतो, जिथं तो मऊ राहतो. तिथंच धूळ जोराची टक्कर सोसूनही चिकटू शकेल. आणि दोन सूर्यांचे जे ग्रह सापडलेत ना, त्यातले कितीतरी नेमके एकाच जागी आहेत, ओढाताणीचा भाग जिथं संपतो त्या काठाला लागून. मी चार दिवस आकडेमोड करतेय. बऱ्याच जोड्यांत मऊ लेपाचा पट्टा त्या काठावरच येतो, निरू! त्यांना लांब जन्मून आत सरकायची गरजच नाही."

निरंजनला सगळं समजलं असं नाही. पण पुढं काय येणार आहे ते मात्र समजलं.

"हे सिद्ध करायला नवीन बरण्या लागतील," तो म्हणाला.

"तीन. उल्केतल्यासारखा लेप, मोजून दिलेला, प्रत्येकीत वेगळा. मालवाहू यान पाडव्याच्या आधी इकडं येतंय, त्यात त्या येऊ शकतील. मॅडमशी बोलले. त्या तुझ्यावर अजून चिडलेल्या आहेत, पण म्हणाल्या, भरायच्या तर पोतदारनीच."

"आणि वर त्या चालवणार कोण?"

"दुसऱ्याला पाठवता येईल. पण तो शिकून तयार होईपर्यंत वर्ष जाईल, आणि तोवर दुसरं कोणी हे करून मोकळं होईल. हिसक्यांचा अंदाज हाताला बसायला मलाच आठ महिने लागले." ती थांबली. आता ती तरंगत नव्हती. एका हातानं तिनं कडीला धरलं होतं. "मॅडमनी निर्णय माझ्यावर सोडलाय. मी तुझ्यावर सोडते. तू ये म्हणालास तर मी पाडव्याला येते. रुसणार नाही, नंतर कधी बोलून दाखवणार नाही. तुला माहितेय, मी शब्द पाळते."

त्याला माहीत होतं. म्हणूनच तर अवघड होतं. तिनं रडून मागितलं असतं, हट्ट केला असता, तर त्याला तरी हट्ट करता आला असता. आता नुसतं एक अक्षर म्हणायचं होतं. ये. जिभेवर ते इतके दिवस तयारच होतं.

"मला काय वाटतं ते सांगू, की काय करावं ते?" त्यानं विचारलं.

"दोन्ही सांग."

"तू यावंस असं वाटतं," निरंजन म्हणाला. "सकाळी चहा करताना अजून माझ्याकडून तीन कप पाणी पडतं. मग तिसरा कप मीच पितो. तुझा स्वेटर मी धुतलेला नाही, कारण धुतला तर त्याला तुझा वास राहणार नाही. माणसाला माणसाची इतकी गरज असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला तू इथं हवी आहेस, गौतमी. पुढच्या वर्षी नको, आत्ता हवी आहेस."

गौतमी ऐकत होती. वर डोळ्यांतलं पाणी ओघळत नाही, तिथंच साचून राहतं. ती ते बोटानं टिपत होती.

"आणि काय करावं?"

"राहा," तो म्हणाला. "लेपाचं माप पाठव. बरण्या मी भरतो."

*

घरी जायला त्यानं नेहमीपेक्षा लांबचा रस्ता धरला, पण रस्ता कितीही लांबचा असला तरी शेवटी घरापाशीच येतो. आप्पा स्वयंपाकघरात होते. चुलीची सवय, त्यामुळे गॅससमोरही ते खाली वाकूनच भाकरी भाजत.

निरंजन दारातच उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. हळदीचं, लेपाचं, नव्या बरण्यांचं. गौतमीनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही.

आप्पांनी भाकरी उलटली.

"राहा म्हणालात," ते म्हणाले. "आन् माझ्या वाटचं बी तुमीच बोललात व्हय?"

आप्पांनी गॅस बारीक केला.

"तुमचं दोघांचं वय चाळिशीचं. ह्ये वरीस गेलं तर फुडलं हाय, त्ये गेलं तर त्याच्या फुडलं हाय. माझं एक्क्याऐंशी चालू हाय, जावईबापू. माझ्याकडं वरसं किती शिल्लक हायती, त्ये कुनी इचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. निरंजननं आपली आस तोलली होती, गौतमीचं काम तोललं होतं, आपल्या खरेपणाचा कीस पाडला होता; आणि रोज आपल्या ताटात गरम भाकरी वाढणारा हा म्हातारा त्या हिशेबात कुठंच नव्हता. त्याला भयंकर शरम वाटली.

"आप्पा, चुकलं माझं," तो म्हणाला. त्यानं खिशातून फोन काढून पुढं केला. "अजून काही पक्कं झालेलं नाही. तुम्ही बोला तिच्याशी. तुम्ही ये म्हणालात तर ती येईल."

आप्पांनी फोनकडे पाहिलं. हात पुसले, जणू घेणारच होते. पण घेतला नाही.

"म्या ये म्हनीन," ते म्हणाले. "धा बारी म्हनीन. तिला ठावं हाय त्ये." त्यांनी नवा गोळा परातीत घेतला आणि थापायला लागले. "म्हनून तर तिनं तुमाला इचारलं."

निरंजन खाली बसला. भिंतीला पाठ टेकली. म्हणजे आपण काय म्हणणार हेही तिला ठाऊक होतं. एवढा जीव तोडून केलेली निवड तिनं आधीच ओळखली होती, आणि तरी विचारलं होतं. आपल्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून. राग यावा असं काहीतरी होतं त्यात, पण राग येत नव्हता. ती हवी होती, बस. पाडव्याला हवी होती, आज हवी होती, या ओट्यापाशी, पिठाच्या वासात.

फोन त्याच्या हातातच होता, बंद. त्यानं तो तोंडाजवळ नेला आणि अगदी हलकेच, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "ये."

आप्पांनी ऐकलं. तव्यावरची नजर त्यांनी काढली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकेरीवर येत ते म्हणाले, "मोठ्यानं म्हन रं. मी बी म्हनतो."